ती डिस्क मी काढली होती, ताई

रत्नाताई, गेल्या रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाला, विहारात सगळ्यांसमोर, मी उभी राहून बोलले. तू नको म्हणाली होतीस. हॉस्पिटलच्या खाटेवर माझं मनगट धरून नको म्हणाली होतीस, आणि मी "बघू" म्हटलेलं. ते "बघू" म्हणजे हो नव्हतं, हे तुला तेव्हाच कळलं. म्हणून तर तू हात सोडलास आणि भिंतीकडे तोंड केलंस. आपलं ते भांडण तिथंच अर्धवट राहिलं. आता तू भांडायला नाहीयेस, तर माझी बाजू मी लिहून काढते. ऐकून घे. मध्ये बोलू नकोस, ती तुझी सवय फार वाईट होती.

मी रडत बसलेली नाही, हेही सांगून ठेवते. पहिले दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी ऑफिसात तुझ्या टेबलावर तुझा फोटो, त्याला हार आणि खाली कुणीतरी छापून आणलेली ओळ: "शांत, सोशिक आणि मनमिळाऊ". मी ती वाचली आणि रडणं थांबलं. शांत? तू? अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं "वायर काढली का" ओरडणारी? आणि सोशिक म्हणजे तर शिवीच. मी तो कागद काढून खणात टाकला. कुणी विचारलं नाही.

तुला आठवतो का माझा पहिला दिवस? मी डोंबिवलीहून आलेले, हार्डवेअरचा डिप्लोमा आणि त्याचा फाजील अभिमान घेऊन. दळवी साहेबांचं ऑफिस ठाण्यात, वीसेक माणसांचं. दवाखाने, पतपेढ्या, छोटे कारखाने यांचे सर्व्हर सांभाळायची कंत्राटं घ्यायचं. सगळे पुरुष आणि एक तू. तुझ्यासमोर एक सर्व्हर ठेवलेला, सपाट, पिझ्झाच्या चार खोक्यांएवढा. तू म्हणालीस, "उघड." मी स्क्रू ड्रायव्हर उचलला.

"आधी बांगड्या."

मी बांगड्या काढल्या. मग घड्याळ. मग गळ्यातली साखळी कुर्त्याच्या आत टाकली.

"वायर?"

"बंद आहे की मशीन."

"बंद असणं वेगळं आणि मेलेलं असणं वेगळं. मागे बघ."

मागे एक नाही, दोन वायरी होत्या. सर्व्हरला वीज दोन बाजूंनी येते, एक गेली तर दुसरी असावी म्हणून, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी मी एकच ओढून मोकळी झालेले. तू दुसरी काढायला लावलीस. मग सुरू करायचं बटण दाबायला लावलंस. वीजच नाही तर बटण कशाला, असं मी विचारलं, तर म्हणालीस, "आत उरलेली असते ती संपू दे." झाकण सरकवलं तेव्हा आतल्या हिरव्या पाटीवर एक बारीक दिवा अजून जळत होता. आपण दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. तो विझला तेव्हा तू म्हणालीस, "आता हात घाल."

मी हात घातला, तर तू तो धरून बाहेर काढलास. पट्टा राहिला होता. मनगटाला बांधायचा, त्याची चिमटी मशीनच्या उघड्या पत्र्याला लावायची, म्हणजे अंगातली वीज चिपवर न जाता पत्र्यात जाते. मी म्हटलं, "मी कॉलेजात कधी लावला नाही. काही झालं नाही कधी."

"झालं असेल, तुला कळलं नसेल. चिप लगेच मरत नाही गं. सहा महिन्यांनी मरते, आणि तेव्हा शिव्या दुसऱ्याच कुणाला तरी बसतात."

त्या आठवड्यात तू माझ्याकडून मेमरीची एकच पट्टी किती वेळा काढून बसवून घेतलीस, मोजदाद नाही. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या एकाच वेळी उघडायच्या. पट्टी कडेने धरायची, सोनेरी दातांना बोट लावायचं नाही. बसवताना खाच जुळवायची, दोन्ही अंगठे दोन टोकांना, सरळ खाली, आणि दोन्हीकडून टक् ऐकू आलं पाहिजे. एकाच बाजूने आलं तर ते काम झालेलं नाही. मी कंटाळून म्हटलं, "हे तर शाळेतल्या पोरांनाही जमेल." तू म्हणालीस, "हो. पण शंभराव्या वेळी नाही जमत. शंभराव्या वेळी माणूस विचार करत नाही." स्क्रूंसाठी तुझ्याकडे तुझ्या वडिलांचा औषधाच्या गोळ्यांचा डबा होता, सोमवार ते रविवार सात खणांचा. पंख्याचे सोमवारात, झाकणाचे मंगळवारात. मला ते हास्यास्पद वाटायचं. महिन्याभरात मी तसाच डबा स्टेशनाबाहेरून घेतला आणि तुला दिसू नये म्हणून पिशवीत ठेवायचे.

कोपरीतल्या त्या ऑफिसचं तर मी अजून लोकांना सांगते. आपण दोघी पोचलो तर तिथले गृहस्थ आपल्या मागे दरवाजाकडे बघत राहिले. "इंजिनिअर मागून येतायत का?" तू म्हणालीस, "आलेत." त्यांनी मग तुझं ओळखपत्र वाचलं. "गायकवाड. कुठले गायकवाड?" त्यांना काय विचारायचं होतं ते मलाही कळलं, तुला तर जन्मापासून कळत होतं. तू पट्टा बांधता बांधता म्हणालीस, "कळव्याचे." आणि सर्व्हरचं झाकण काढून त्यांच्या हातात दिलंस. "हे जरा धरा." गृहस्थ अर्धा तास झाकण धरून उभे होते. ही तू. सोशिक म्हणे.

आता वर्तकनगर.

तू असतीस तर इथं उठून गेली असतीस. अकरा वर्षं मी हा विषय काढला की तुला एकदम चहा हवा व्हायचा.

मला नोकरीला लागून तीन महिने झालेले. वर्तकनगरच्या त्या डायग्नोस्टिक सेंटरमध्ये रक्ताच्या, लघवीच्या, सगळ्या तपासण्यांचे रिपोर्ट एका सर्व्हरवर होते. त्यात पाच डिस्क. पाचांनी मिळून माहिती वाटून घेतलेली, म्हणजे एक बिघडली तरी उरलेल्या चार तिचा भाग भरून काढतात आणि काम थांबत नाही. पण तेवढ्यात दुसरी निघाली की सगळंच बंद पडतं. त्या दिवशी एक बिघडली होती. नवी बसवायची, एवढंच काम. मशीन चालू ठेवूनच डिस्क बदलता येते अशी सोय होती.

स्क्रीनवर आलेलं: डिस्क दोन निकामी. तू मला म्हणालीस, "मी कर्णिक मॅडमकडे बॅकअपचं विचारून येते. तोवर हात लावू नकोस." कर्णिक मॅडम म्हणजे तिथल्या लॅबच्या प्रमुख. तू गेलीस. मी उभी राहिले. समोर पाच खण, त्यांवर पूर्वी कुणीतरी पेनाने लिहून चिकटवलेले आकडे, एक ते पाच. बिघडलेल्या डिस्कसमोर लाल दिवा लागायला हवा, पण त्या जुन्या मशीनचे निम्मे दिवे केव्हाच गेलेले. मला वाटलं, ताई येईपर्यंत करून टाकू. ती येईल, बघेल आणि म्हणेल, "अरे वा." मला ते "अरे वा" पाहिजे होतं. बाकी काही कारण नव्हतं, ताई. अकरा वर्षं मी दुसरं कारण शोधलं, सापडलं नाही.

मी दोन लिहिलेला खण ओढला.

मशीन शून्यापासून मोजतं. त्याची दोन म्हणजे तिसरा खण. मी चांगली डिस्क काढली.

आधी काहीच झालं नाही. मग मशीन एका सुरात ओरडायला लागलं, आणि काउंटरवरून कुणीतरी म्हणालं, रिपोर्ट निघत नाहीयेत. तू धावत आलीस. माझ्या हातात डिस्क होती. मला वाटलं तू आता मला फाडून खाणार. तू म्हणालीस, "खाली ठेव. हळू. आत फिरत असेल अजून." मग माझ्या हातून ती घेऊन, थांबून, ज्या खणातून निघाली त्याच खणात परत बसवलीस. तासभर तू कीबोर्डवर होतीस. मशीनने डिस्क पुन्हा ओळखल्या, पण लिहिता लिहिता तुटलेली माहिती जुळेना. बॅकअप तीन दिवसांपूर्वीचा निघाला. तीन दिवसांचे रिपोर्ट गेले.

बाहेर लोक बसलेले. एक म्हातारे गृहस्थ होते, दुसऱ्या दिवशी त्यांचं ऑपरेशन होतं. त्यांचा रिपोर्ट टाइप झालेला, कागदावरची नोंद मात्र सापडत नव्हती. त्यांचं रक्त पुन्हा काढावं लागलं. सुई टोचताना त्यांनी तोंड वळवलं आणि ते नेमके माझ्याकडे बघत होते. त्यांना माहीत नव्हतं मी कोण ते.

दुपारी दळवी साहेब आले. त्यांनी विचारलं, "कुणी काढली?"

मी तोंड उघडलं होतं, ताई. हे तुला मान्य करावं लागेल. मी "मी" म्हणायला तोंड उघडलं होतं. पण तू माझ्या आधी म्हणालीस, "मी काढली. आकडे बघताना चूक झाली."

त्यांना खरं वाटलं नाही असं मला वाटलं. पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांना एक नाव हवं होतं, ते मिळालं.

मग आपण दोघींनी चार दिवस तिथं बसून लॅबच्या वह्यांवरून तीन दिवसांचे रिपोर्ट पुन्हा टाइप केले. तू एकदाही मला काही बोलली नाहीस. पहिल्या दिवशी निघालो ते ठाण्याहून कळव्यापर्यंत पायी, तुझ्या हट्टामुळे. खाडीच्या पुलावर मी म्हटलं, "मी उद्या साहेबांना सांगणार."

"काय सांगणार?"

"खरं."

"तीन महिने झालेत तुला. उद्याच बाहेर. आणि पुढं या ऑफिसात बाईला घेताना ते दहा वेळा विचार करतील. मला काढणार नाहीत. निम्मी मशीनं माझ्याशिवाय त्यांना उघडता येत नाहीत."

"पण सर्व्हिस हेडचं तुझं नाव चाललंय."

"माझं मी बघते."

"ताई, हे बरोबर नाही."

"बरोबर नाहीच आहे. पुढच्या वेळी हात लावू नकोस म्हटलं की लावू नकोस. एवढं केलंस तरी पुष्कळ." आणि तू पुढे चालायला लागलीस.

तुला सर्व्हिस हेड केलं नाही. ज्याला केलं, त्याला तूच शिकवलेलं. तुला दोन वर्षं साइटवर पाठवलं नाही. आतल्या खोलीत जुनी मशीनं दुरुस्त करायला बसवलं, आणि मी, तुझी विद्यार्थिनी, तुझी हत्यारं घेऊन तुझ्या जागी ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण फिरले. लोक मला म्हणायचे, हात फार चांगला आहे तुमचा. मी घरी येऊन तो हात धुवायचे आणि जेवण जायचं नाही.

आता मी जे कधीच बोलले नाही ते बोलते. मी तुझी ऋणी आहे, ते आहेच, ते तुला माहीत होतं. पण मी तुझ्यावर चिडलेलीही होते. मला विचारलंस का तू? एका शब्दाने विचारलंस? तू ठरवलंस आणि मोकळी झालीस. चूक माझी होती. तिची बोलणी खाणं, नोकरी जाणं, दुसरी शोधणं, पुन्हा उभं राहणं, हे सगळं माझं होतं. ते तू उचलून नेलंस आणि माझ्याकडे नुसती शरम ठेवलीस. एकदा मी हे निम्मं बोलले, आठवतं? कळव्याला, तुझ्या घरी, आई आत भाकऱ्या करत होत्या. मी म्हटलं, "तू मोठी झालीस आणि मी लहानच राहिले." तू उठून कप काढलेस. मग म्हणालीस, "झालं बोलून? चहा घेणारेस?" मी घेतला. आता वाटतं, कप ठेवून निघून यायला हवं होतं, म्हणजे तुला उत्तर द्यावं लागलं असतं.

आणि मग तुझं पोट दुखायला लागलं, आणि आठ महिन्यांत सगळं संपलं. त्या आठ महिन्यांत मला भांडता येईना. ही तुझी दुसरी चलाखी.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात मी आले, तेव्हा तुझ्या उशाशी वर्तकनगरच्या कामाची यादी होती. तेच सेंटर, आता दुसरा सर्व्हर, तोही जुना व्हायला लागलेला. मेमरी वाढवायची, थकलेल्या दोन डिस्क बदलायच्या. तुझं अक्षर वाकडं झालेलं पण यादी पक्की. बॅकअप घ्या. बॅकअप उघडून बघा. आतला फोटो काढा. तू म्हणालीस, "मेमरी रजिस्टर्डच, सर्व्हरची, मागवलीस ना? साधीही दिसायला तशीच असते. खाचेत बसेलही, पण मशीन उठणार नाही."

"रजिस्टर्डच आहे. मी बघितलंय."

"पुन्हा बघ." मग माझं मनगट धरलंस. "शुभा, मी गेल्यावर ते जुनं उकरून काढू नकोस. संपलंय ते."

"बघू," मी म्हटलं.

रविवारी कळव्याच्या विहारात खूप माणसं होती. सगळे पांढऱ्या कपड्यांत. वंदना झाली. तुझ्या फोटोसमोर मेणबत्त्या, आई खुर्चीवर, पाय जमिनीला न टेकलेले. मग एकेक जण बोलायला उठले. शेजारच्या बाईंनी सांगितलं की त्यांच्या मुलीला तू कॉलेजात सोडायला गेलेलीस. छान बोलल्या. मग दळवी साहेब उठले. ते वाईट माणूस नाहीत, ताई. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. म्हणाले, "रत्नाबाईंच्या हातून एकदा फार मोठी चूक झाली. पण मी त्यांना सांभाळून घेतलं, आणि त्यांनीही पुढं जन्मभर निष्ठेने काम केलं."

सांभाळून घेतलं.

मी उठले. माझी पाळी नव्हती, नावही पुकारलेलं नव्हतं. मी म्हणाले, "मी शुभांगी राणे. ताईंच्या हाताखाली शिकले. साहेब आत्ता ज्या चुकीबद्दल बोलले, ती ताईंची नाही. वर्तकनगरला चुकीची डिस्क मी काढली. ताई खोलीत नव्हत्या. मला हात लावू नकोस असं सांगून गेल्या होत्या. त्यांनी माझी नोकरी वाचवायला स्वतःचं नाव सांगितलं. ताईंना कुणी सांभाळून घेतलेलं नाही. त्यांनी मला सांभाळलं, आणि त्याबद्दल दोन वर्षं आतल्या खोलीत काढली. अकरा वर्षांत त्यांच्या हातून एकही डिस्क चुकीची निघालेली नाही. हे ज्यांना लिहून ठेवायचंय त्यांनी लिहून ठेवा."

आणखीही काही बोलले आणि बसले. साहेब चपला घालून बाहेर जाऊन उभे राहिले.

तुला वाटत असेल की आईंनी मला जवळ घेतलं. नाही घेतलं. मी त्यांच्या पायाशी बसले तेव्हा त्या हळूच पण स्पष्ट म्हणाल्या, "अकरा वर्सं कुठं होतीस?"

मी त्यांच्या पायांवर हात ठेवला.

"मला लेकीनं सांगितलं, आई, माझ्या हातून चुकलं. मी तिला बोलले. आपल्या माणसानं चुकून चालतं का, लोक टपलेलेच असतात, असं बोलले मी तिला. ती ऐकून घेत होती." त्या थांबल्या. "ती जिवंत असताना बोलायचं होतंस."

तू नको म्हणालीस, असं मी सांगू शकले असते. नाही सांगितलं. खरं तर तू नको म्हणालीस हे माझ्याही सोयीचं होतं, ताई. आईंनी ते एका वाक्यात पकडलं, जे आपण दोघी इतक्या वर्षांच्या भांडणात नीट बोललो नव्हतो. मग त्या म्हणाल्या, "ऊठ. पंगत बसतेय. जेवल्याबिगर जाऊ नको." मी जेवले. पानातलं सगळं संपवलं.

सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "हे तिथं, सगळ्यांसमोर बोलायची गरज होती?"

"तुम्ही सगळ्यांसमोर बोललात, सर."

"मला माहीत नव्हतं."

"तुम्ही एकदाच विचारलंत."

ते टेबलावरचा पेन फिरवत राहिले. मग म्हणाले, "वर्तकनगरला मी दुसऱ्या कुणाला तरी पाठवतो. तुम्ही आता तिथं जाणं बरं दिसणार नाही."

"तुम्हाला मला कामावरून काढायचं असेल तर काढा. पण ते काम झाल्यावर. यादी ताईंची आहे, ती दुसऱ्या कुणाच्या हातात मी देणार नाही."

मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाशी तुझ्यासारखं बोलले. त्यांनी माझ्यासमोरच कर्णिक मॅडमना फोन लावला. त्या नाही म्हणतील आणि विषय संपेल, असा हिशेब असणार. पण मॅडम रविवारी विहारात मागच्या रांगेत बसलेल्या होत्या. ते ना साहेबांना माहीत होतं, ना मला. फोन स्पीकरवर होता. त्या त्यांच्या त्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "शुभांगीलाच पाठवा. जिची चूक तिला पाठ आहे, तिच्या हातून ती पुन्हा होणार नाही. आणि दळवी, तुम्हीही एकदा आमच्याकडे या. त्या दिवशी मीही तुमच्या शेजारी उभी होते आणि मीही दुसरा प्रश्न विचारला नाही."

काल शनिवारी दुपारी सेंटर बंद झाल्यावर मी गेले. एकटीच. तुझी यादी समोर चिकटवली. बॅकअप घेतला, उघडून बघितला, तीन जुने रिपोर्ट काढून कर्णिक मॅडमना दाखवले. त्या खुर्ची घेऊन बाजूला बसल्या होत्या. आधी डिस्क. खणांवरचे हाताने लिहिलेले आकडे मी सोलून काढले. स्क्रीनवरून आदेश दिला की त्या खणासमोरचा निळा दिवा लुकलुकतो, तो बघितला, खणाचा आकडा मोठ्याने वाचला, मॅडमनी स्क्रीनवरचा वाचला. मग ओढली, जरा बाहेर घेऊन थांबले, फिरणं थांबल्यावर पूर्ण काढली. नवी घातली. ती भरून होईपर्यंत दुसरीला हात लावला नाही. त्यात दोन तास गेले. पूर्वी मी या वेळेला फुकट गेलेला वेळ म्हणायचे.

मग दुसरीही तशीच बदलली, ती भरल्यावर मशीन नीट बंद केलं. दोन वायरी. बटण. दिवा विझेपर्यंत थांबले. पट्टा. मेमरीच्या आठ पट्ट्या. झाकण लावलं, सुरू केलं. स्क्रीनवर मेमरी आली ती आठ पट्ट्यांची नाही, सातांची.

मॅडम म्हणाल्या, "चालतंय ना? मग राहू दे का? उशीर झालाय तुला."

तीच जुनी घाई वर आली, करून टाकू, दिसायला तर नीट दिसतंय. मी म्हटलं, "नाही मॅडम. सातच आहेत." पुन्हा बंद. पुन्हा दोन वायरी. पुन्हा बटण, पुन्हा दिवा. सहाव्या पट्टीची एका बाजूची खिट्टी वर राहिलेली, जेमतेम केसाएवढी. एका बाजूनेच टक् आलं असणार आणि मी ऐकलं नसणार. काढली, बघितली, दोन्ही अंगठ्यांनी सरळ बसवली. या वेळी आठ.

काम झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "शुभांगी, जरा थांब." त्यांनी कपाटातून मशीनच्या देखभालीचं जुनं रजिस्टर काढलं. त्या काही फेकत नाहीत. धूळ पुसून एक पान उघडलं. तुझं अक्षर, तेव्हाचं, सरळ आणि टोकदार. "डिस्क बदलताना चुकीची डिस्क काढली गेली. जबाबदार: रत्नमाला गायकवाड." खाली सही. मला हे पान कधी माहीतच नव्हतं. माझ्याकडून तू सगळं गिरवून घेतलंस आणि हे मात्र माझ्या पाठीमागे लिहून ठेवलंस.

मी पेन घेतला आणि तुझं नाव खोडायला गेले. मॅडमनी माझा हात धरला. "खोडायचं नाही. रजिस्टर आहे ते. खाली लिही, आजची तारीख घाल."

मी लिहिलं: "वरील नोंद चुकीची आहे. डिस्क मी काढली. रत्नमाला गायकवाड त्या वेळी खोलीत नव्हत्या. शुभांगी राणे." तारीख घातली. मॅडमनी शेजारी साक्षीदार म्हणून सही केली, आणि त्या पानाचा फोटो मी आईंना पाठवला. त्यांनी बघितलाय. उत्तर अजून आलेलं नाही. येईल तेव्हा येईल. नाही आलं तरी मी पुढच्या रविवारी कळव्याला जाणार आहे.

रागाव, ताई. जितकं रागवायचं तितकं रागाव. ते पान आता खरं आहे.